ब्रिटनचं आघाडी सरकार (२०१०-१५): परराष्ट्र धोरण, सुरक्षा परिषद आणि पुढे ढकललेले प्रश्न

पश्चिमवारा (धागाकर्ता)

६ मे २०१० ला ब्रिटनमध्ये निवडणूक झाली आणि कुणालाच बहुमत मिळालं नाही. ६५० जागांच्या सभागृहात हुजूर पक्ष तीनशेच्या थोडा पुढे जाऊन अडला, मजूर पक्ष २५८ वर थांबला आणि ५७ जागांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला एकदम महत्त्व आलं. पाच दिवसांत डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान झाले आणि निक क्लेग उपपंतप्रधान. महायुद्धाच्या काळातलं सर्वपक्षीय सरकार संपल्यापासून तिथे आघाडी झालीच नव्हती.

या दोन पक्षांमधली सर्वांत रुंद दरी परराष्ट्र धोरणात होती. इराक युद्धाला हुजूर पक्षाने पाठिंबा दिला होता, तर लिबरल डेमोक्रॅट त्या युद्धाविरुद्ध ठाम उभे राहिले होते. युरोपबद्दल एकाच्या मनात शंका, दुसऱ्याच्या मनात ओढ. ट्रायडंट या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या पुन्हा तशाच नव्या बांधायच्या हे एकाचं म्हणणं, दुसऱ्याला कमी खर्चाचा पर्याय हवा होता. तरी सरकार पूर्ण पाच वर्षं चाललं. कसं चाललं आणि त्याची किंमत काय पडली, यावर इथे बोलावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. या सरकारने निर्णय घेण्याची यंत्रणा उत्तम उभी केली. पण जे प्रश्न सोडवायला बसलं तर आघाडी फुटेल, ते त्यांनी ठरवून पुढे ढकलले. आणि ब्रिटनचं पुढचं दशक नेमकं त्याच प्रश्नांवर हेलकावे खात गेलं.

यंत्रणेपासून सुरुवात करू. १२ मे २०१० ला, म्हणजे कारभाराच्या पहिल्याच दिवशी, राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि त्याच दिवशी अफगाणिस्तान-पाकिस्तानवर तिची पहिली बैठकही झाली. टोनी ब्लेअर यांच्या काळात मोठे निर्णय चार विश्वासू माणसांच्या अनौपचारिक बैठकीत होत, कागदपत्रं नीट नसत, यावर इराक युद्धाआधीच्या गुप्त माहितीची चौकशी करणाऱ्या २००४ च्या बटलर अहवालाने बोट ठेवलं होतं. त्याला उत्तर म्हणून ही परिषद. अध्यक्ष पंतप्रधान, उपाध्यक्ष उपपंतप्रधान. परराष्ट्रमंत्री विल्यम हेग, संरक्षणमंत्री लियम फॉक्स, गृहमंत्री थेरेसा मे, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न, विदेशी मदत खात्याचे अँड्र्यू मिचेल एका टेबलाशी. क्लेग यांच्याखेरीज लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे डॅनी अलेक्झांडर आणि ऊर्जामंत्री ख्रिस ह्यून हेही त्यात. सैन्यदलांचे आणि गुप्तचर खात्यांचे प्रमुख समोर बसून माहिती देत. परराष्ट्र खात्यातले ज्येष्ठ अधिकारी पीटर रिकेट्स हे देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. संसद चालू असताना परिषद साधारण दर आठवड्याला बसे. ऊर्जा आणि हवामान बदलाचा मंत्री सुरक्षेच्या टेबलावर असावा, हा विचार मला आजही फार पुढचा वाटतो.

आता ऑक्टोबर २०१० चे तीन दिवस बघा. १८ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा रणनीती जाहीर झाली. १९ ला संरक्षण आणि सुरक्षेचा आढावा. २० ला ऑस्बर्न यांनी चार वर्षांच्या सरकारी खर्चाची कपात मांडली. आधी धोके ठरवायचे, मग साधनं ठरवायची, मग पैसा, असा क्रम कागदावर दिसतो. प्रत्यक्षात तिन्ही कागद एकाच उन्हाळ्यात, तुटीच्या दडपणाखाली लिहिले गेले. संरक्षण खात्यावर ३८ अब्ज पौंडांच्या बिनतरतुदीच्या बांधिलकीचा बोजा आहे असं नव्या सरकारने सांगितलं आणि संरक्षण खर्चात चार वर्षांत सुमारे ८ टक्के वास्तव कपात ठरली. हॅरियर विमानं गेली, 'आर्क रॉयल' ही विमानवाहू नौका गेली, निम्रॉड ही टेहळणी विमानं सेवेत येण्याआधीच भंगारात गेली. भूदल ९५,००० वर आणायचं ठरलं. पुढच्या वर्षी तो आकडा आणखी खाली, ८२,००० पर्यंत गेला.

रणनीतीचा कागद मात्र वाचण्यासारखा आहे. पंधरा धोके तीन पायऱ्यांवर मांडले होते. वरच्या पायरीवर चार: दहशतवाद, सायबर हल्ला, ब्रिटनला ओढून घेईल असा मोठा लष्करी पेच, आणि मोठा अपघात किंवा नैसर्गिक संकट. या चौथ्यात किनारी पूर आणि इन्फ्लुएन्झाची महासाथ अशी उदाहरणं स्पष्ट लिहिली आहेत. २०२० मध्ये जे घडलं ते आठवून हा परिच्छेद वाचला की मन खिन्न होतं. धोका ओळखला होता, कागदावर सर्वांत वर ठेवला होता. दुसऱ्या देशाच्या सैन्याने नाटोच्या सदस्यावर पारंपरिक हल्ला करणं मात्र सर्वांत खालच्या पायरीवर होतं. मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि त्या वर्गवारीकडे सगळे पुन्हा बघू लागले.

ढकललेले प्रश्न दोन. ट्रायडंटचा अंतिम निर्णय २०१६ वर, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या पलीकडे नेला. आणि युरोप. युरोपवर सविस्तर प्रतिसादांत लिहितो, आधी इतरांचं ऐकायचं आहे.

*

दर्यावर्दी

उत्तम धागा. मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, त्यामुळे समुद्राच्या बाजूने भर घालतो.

निम्रॉडवर तीन अब्ज पौंडांहून अधिक खर्च झाला होता. ती विमानं पाणबुड्या शोधायची. अटलांटिकमध्ये अण्वस्त्रवाहू पाणबुडी गस्तीवर असते, ती बाहेर पडताना मागावर कुणी आहे का हे बघणं हे त्यांचं मुख्य काम. ते एका फटक्यात बंद. २०१४ च्या अखेरीस स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ परकी पाणबुडी असल्याचा संशय आला, तेव्हा मित्रराष्ट्रांची टेहळणी विमानं लॉसीमथच्या तळावर बोलवावी लागली. बेटावर राहणाऱ्या देशाला हे शोभत नाही. शेवटी २०१५ च्या आढाव्यात नऊ पी-८ पोसायडन घ्यायचं ठरलं आणि त्यातलं पहिलं विमान २०२० मध्ये स्कॉटलंडमध्ये पोचलं. आपल्या नौदलाने याच जातीची पी-८आय विमानं २०१३ पासून वापरात आणली होती, हे मुद्दाम नोंदवतो.

विमानवाहू नौकांचं तर आणखी वाईट. २०१० मध्ये ठरलं की नव्या नौकेवर कॅटापुल्ट (विमान वेगाने फेकून उडवणारी यंत्रणा) बसवायचे आणि एफ-३५ लढाऊ विमानाचं त्यावरून उडणारं 'सी' रूप घ्यायचं. मे २०१२ मध्ये नवे संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी सांगितलं की ते फार महाग पडतंय, परत 'बी' रूप, जे आखूड धावेत उडतं आणि सरळ खाली उतरतं. दरम्यान हॅरियर अमेरिकेच्या मरीन कोअरला सुट्या भागांसाठी विकून झाली होती.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट. फॉकलंडच्या १९८२ च्या लढाईत ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती 'हर्मिस', तीच आपली 'विराट'. ब्रिटनने हॅरियर आणि 'आर्क रॉयल' निवृत्त केल्यावरही 'विराट' मुंबईहून सी हॅरियर घेऊन निघत होती. ती विमानं २०१६ पर्यंत उडाली, आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईतच 'विराट'चा ध्वज उतरवला गेला.

*

थेम्सकाठ

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. मी तेव्हापासून इकडे आहे, त्यामुळे २०१० चं वातावरण आठवतं. तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती, ग्रीस रोज बातम्यांत. त्या परिस्थितीत ट्रायडंटचा खर्च पाच वर्षं मागे सारणं हा शहाणपणाचा निर्णय होता. आणि त्या काळात काहीच झालं नाही असंही नाही. अण्वस्त्रांचा साठा जास्तीत जास्त १८० वर आणायचं ठरलं, प्रत्येक पाणबुडीवरची अस्त्रं ४८ वरून ४० केली. फ्रान्सशी नोव्हेंबर २०१० मध्ये लँकेस्टर हाउसचे करार झाले, त्यात अण्वस्त्रांच्या चाचणी-तंत्रज्ञानापर्यंतचं सहकार्य आहे. युरोपबद्दल साशंक पंतप्रधानाने फ्रान्सशी ५० वर्षांचा करार करावा, यामागे पैशाची अडचण होती आणि दूरदृष्टीही.

दुसरं, आघाडीमुळे जे वाचलं त्याचं श्रेय द्या. विदेशी मदतीसाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के देण्याचं वचन २०१३ मध्ये पहिल्यांदा पाळलं गेलं, आणि मार्च २०१५ मध्ये तो कायदा झाला. तो विधेयकरूपाने आणणारे मायकल मूर लिबरल डेमोक्रॅट. सगळीकडे कपात चालू असताना हे टिकलं, याचा मला अभिमान वाटतो. आरोपाशिवाय संशयिताला २८ दिवस डांबता येत होतं, ते १४ वर आलं. ओळखपत्रांची योजना रद्द झाली. लोकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी साठवण्याचं विधेयक क्लेग यांनी २०१३ मध्ये अडवलं. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली काय करायचं नाही, हे सांगणारा कुणीतरी मंत्रिमंडळात हवा असतो. तो होता.

*

कृष्णाकाठ

लिबियाचा उल्लेख अजून कसा नाही? माझ्या मते या सरकारची खरी परीक्षा तीच होती.

१७ मार्च २०११ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायला परवानगी देणारा ठराव क्रमांक १९७३ मंजूर झाला. बाजूने १०, तटस्थ ५. त्या पाचांत भारत होता, रशिया, चीन, ब्राझील आणि जर्मनीबरोबर. चारच दिवसांनी ब्रिटिश संसदेने ५५७ विरुद्ध १३ अशा मतांनी कारवाईला मान्यता दिली. इराकवर फाटलेले दोन पक्ष इथे एकत्र होते, कारण या वेळी संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता आणि बेनगाझीत कत्तल होईल ही भीती होती. नॉरफोकमधल्या मारम तळावरून टोर्नेडो विमानं थेट लिबियापर्यंत जाऊन परत आली. सप्टेंबरमध्ये कॅमेरून आणि फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी बेनगाझीत गेले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं. ऑक्टोबरमध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मारला गेला. आणि मग? पुढे काय करायचं, देश कोण चालवणार, शस्त्रं कोण गोळा करणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. २०१६ मध्ये खुद्द ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र समितीने लिहिलं की हस्तक्षेप चुकीच्या गृहीतकांवर उभा होता आणि नागरिकांचं रक्षण करता करता तो सत्ताबदलाकडे सरकला.

पश्चिमवारा, माझा प्रश्न तुम्हाला आहे. सुरक्षा परिषद इतकी उत्तम यंत्रणा होती, तर लिबियाबाबत तिने नंतरचा विचार का केला नाही? दर आठवड्याला भेटून, सगळे प्रमुख समोर असताना?

*

पश्चिमवारा

कृष्णाकाठ, प्रश्न वर्मावर आहे. परिषद दर आठवड्याचं काम हाताळायला चांगली होती. आज कोणती विमानं, कोणता ठराव, कोणाशी फोन. पाच वर्षांनी हा देश कसा असेल, हे विचारायला त्या टेबलावर कुणाला वेळ नव्हता. रणनीतीचा कागद २०१० मध्ये लिहून झाला होता, आणि अरब देशांत उठाव सुरू झाले ते त्या कागदानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. कागदाकडे कुणी परत वळलं नाही. तरी यंत्रणा चांगली होती हे मी मागे घेत नाही. २००३ ला अशी परिषद असती तर इराकचे कायदेशीर प्रश्न तरी सर्व मंत्र्यांसमोर आले असते.

आता युरोप. जुलै २०१० मध्ये क्लेग पहिल्यांदाच पंतप्रधानांच्या जागी उभे राहून संसदेत प्रश्नांना उत्तरं देत होते. तिथे त्यांनी इराकवरचं आक्रमण बेकायदेशीर होतं असं म्हटलं आणि ते त्यांचं वैयक्तिक मत असल्याचं सरकारला सांगावं लागलं. इराक हा झालेला इतिहास होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. युरोपवर तसं करता येत नव्हतं, तो रोजचा विषय. म्हणून २०११ च्या कायद्याने असं ठरवलं की ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, नवे अधिकार द्यायचे असतील तर आधी सार्वमत. यावर दोघांचं जमलं, कारण असे अधिकार देण्याची वेळच जवळ दिसत नव्हती.

डिसेंबर २०११ मध्ये ती वेळ आली. युरो वाचवण्यासाठी नवा तह करायचा होता. ब्रसेल्सच्या रात्रभर चाललेल्या बैठकीत कॅमेरून यांनी लंडनच्या वित्तीय क्षेत्रासाठी हमी मागितली, ती मिळाली नाही, त्यांनी नकाराधिकार वापरला. बाकीच्यांनी ब्रिटनला बाजूला ठेवून करार केला. सोमवारी पंतप्रधान संसदेत निवेदन करायला उभे राहिले तेव्हा शेजारची उपपंतप्रधानांची जागा रिकामी होती. देशाच्या इतक्या मोठ्या निर्णयावर सरकारचे दोन भाग दोन दिशांना, आणि सरकार मात्र चालूच.

मग जानेवारी २०१३. ब्लूमबर्गच्या लंडन कार्यालयात कॅमेरून यांनी सांगितलं की २०१५ ला आपल्याला बहुमत मिळालं तर २०१७ च्या अखेरपर्यंत युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेऊ. हे सरकारचं धोरण नव्हतं, एका पक्षाचं वचन होतं. त्याच काळात सरकारी अधिकारी युरोपच्या अधिकारांचा खात्याखात्याने आढावा घेत होते. ३२ अहवाल तयार झाले, शेती, मासेमारी, ऊर्जा, परराष्ट्र धोरण, सगळं. बऱ्याच अहवालांचा सूर असा की सध्याचा तोल एकंदर ठीक आहे. ते अहवाल वाचून देशात चर्चा व्हायला हवी होती. आघाडीला ती परवडणारी नव्हती, म्हणून अहवाल शांतपणे प्रसिद्ध होत गेले आणि २०१६ च्या प्रचारात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मला या पाच वर्षांतली सर्वांत मोठी हानी ही वाटते. माहिती होती, मेहनतीने गोळा केलेली होती, आणि ती लोकांपर्यंत नेण्याची हिंमत झाली नाही.

*

अभ्यासू_वाचक

आपल्याकडची तुलना थोडक्यात. राष्ट्रीय सुरक्षा परिषद आपल्याकडे १९९८ मध्येच झाली, तीही वाजपेयींच्या आघाडी सरकारात. ब्रिटनच्या बारा वर्षं आधी. आणि अणुकरारावर २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा मनमोहन सिंग यांनी प्रश्न पुढे न ढकलता लोकसभेत विश्वासमत घेतलं, २७५ विरुद्ध २५६. उलट २०११ मध्ये बांगलादेशाशी तिस्ता पाणीवाटपाचा करार एका घटक पक्षाच्या विरोधामुळे थांबला. म्हणजे आघाडीत दोन्ही घडू शकतं. नेता कशासाठी सरकार पणाला लावायला तयार आहे, यावर ते ठरतं.

*

थेम्सकाठ

अभ्यासू_वाचक यांच्याशी सहमत. त्यातच भर: क्लेग यांनी सप्टेंबर २०१२ च्या खातेबदलात आपल्या पक्षाचे परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांतले राज्यमंत्री काढून घेतले. जेरेमी ब्राऊन गृह खात्यात गेले, निक हार्वी बाहेर पडले. पक्षाने देशांतर्गत खात्यांवर भर द्यायचं ठरवलं. त्यानंतर परिषदेत क्लेग बसत होते, पण खात्याच्या आत रोजच्या फायली बघणारं त्यांचं माणूस उरलं नाही. मी वर त्यांचं कौतुक केलं, पण ही गोष्ट मलाही खटकते. परराष्ट्र धोरण हीच ज्या पक्षाची ओळख होती, त्याने ती दारं स्वतः बंद केली.

*

कृष्णाकाठ

आणि सीरिया. २१ ऑगस्ट २०१३ ला दमास्कसजवळ घूतामध्ये रासायनिक हल्ला झाला. २९ ला सीरियाविरुद्ध लष्करी कारवाईबाबतच्या ठरावावर संसदेत मतदान, सरकार २७२ विरुद्ध २८५ ने हरलं. लक्षात घ्या, तो ठराव थेट हल्ल्याचा नव्हताच, आणखी एका मतदानाची हमी त्यात होती. तरी ३० हुजूर आणि ९ लिबरल डेमोक्रॅट खासदार विरोधात गेले. मजूर पक्षाची दुरुस्तीही पडली. काहीच मंजूर झालं नाही. कॅमेरून यांनी त्याच रात्री निकाल मान्य केला.

मला यात संसदेचं बळ दिसतं. इराकच्या वेळी खासदारांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, या वेळी पुरावा मागितला. पुढच्या वर्षी इराकमध्ये आयसिसविरुद्ध हवाई कारवाईचा ठराव ५२४ विरुद्ध ४३ ने मंजूर केला, कारण इराकच्या सरकारने मदत मागितली होती.

*

दर्यावर्दी

असहमत. रासायनिक अस्त्रं वापरणाऱ्याला जगाने त्या रात्री पाहिलं की लंडन मागे हटतंय. वॉशिंग्टननेही मग थांबून काँग्रेसकडे जायचं ठरवलं. संसदेचा अधिकार मान्य, परिणामही मोजायला हवेत.

*

रेवा_पुणे

एका बाजूकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून लिहिते. भारताशी "विशेष संबंध" हा या सरकारचा लाडका विषय. जुलै २०१० मध्ये कॅमेरून मोठं शिष्टमंडळ घेऊन आले, बंगळुरूला इन्फोसिसमध्ये बोलताना पाकिस्तानने दहशतवादाबाबत दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये अशा अर्थाचं स्पष्ट बोलले, ५७ हॉक विमानांचा करार झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा आले, मुंबईपासून सुरुवात केली, मुंबई-बंगळुरू औद्योगिक पट्ट्याबद्दल बोलले, आणि जालियनवाला बागेत जाऊन १९१९ ची घटना अत्यंत लाजिरवाणी असल्याचं लिहून गेले. माफी मात्र मागितली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये भारताला दिली जाणारी आर्थिक मदत २०१५ पर्यंत पूर्ण बंद करण्याचं जाहीर झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो निर्णय योग्यच होता.

पण याच सरकारने निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) वर्षाला एक लाखाच्या आत आणण्याचं लक्ष्य ठेवलं आणि एप्रिल २०१२ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरीसाठी राहण्याचा व्हिसा बंद केला. मी तेव्हा तिकडे शिकत होते. आमच्या वर्गात पुण्या-नाशिकची मुलंमुली होती, बहुतेकांनी शैक्षणिक कर्ज काढलेलं. कर्जाचं गणित त्या दोन वर्षांच्या नोकरीवर मांडलेलं होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या जवळपास अर्ध्यावर आली. २०१३ मध्ये तर भारतासह सहा देशांच्या काही पाहुण्यांकडून ३,००० पौंडांची हमी घेण्याची योजना निघाली. ओरड झाल्यावर ती सोडली.

लिबरल डेमोक्रॅट उद्योगमंत्री व्हिन्स केबल या लक्ष्यावर उघड टीका करत राहिले. पण धोरण बदललं नाही. परराष्ट्र खातं भारताला मित्र म्हणतं आणि त्याच वर्षी गृह खातं भारतीय विद्यार्थ्यांना दार लावतं, हे सुरक्षा परिषदेच्या टेबलावर कधी एकत्र मांडलं गेलं का? दोन्ही खात्यांचे मंत्री तिथेच बसत होते.

*

पश्चिमवारा

रेवाताई, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात असायला हवा इतका महत्त्वाचा आहे. स्थलांतराचं लक्ष्य हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातलं. आघाडीच्या कार्यक्रमात युरोपबाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालण्याचं मान्य झालं होतं, पण लाखाच्या आतला आकडा दोघांनी मिळून कधीच स्वीकारला नाही. गृह खात्याने मात्र तो आपलाच धरून कारभार केला. युरोपीय संघातून येणाऱ्यांना रोखता येत नव्हतं, म्हणून आकडा खाली आणण्याचा भार पडला तो बाहेरून येणाऱ्यांवर, आणि त्यात विद्यार्थी सर्वांत सोपे.

ट्रायडंटबद्दल थेम्सकाठ यांना: जुलै २०१३ मध्ये पर्यायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पर्याय स्वस्त पडतील असं काही निघालं नाही. शेवटचा निर्णय १८ जुलै २०१६ ला झाला, ४७२ विरुद्ध ११७. तोवर लिबरल डेमोक्रॅट ५७ वरून ८ वर आले होते.

*

निशिगंध_

सगळे प्रतिसाद वाचले, खूप माहिती मिळाली. रेवाताई, तो व्हिसा नंतर परत सुरू झाला ना? माझा भाचा आत्ताच गेलाय, त्याला दोन वर्षं मिळणार असं म्हणतो.

*

रेवा_पुणे

हो. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केला आणि १ जुलै २०२१ पासून सुरू झाला. मधल्या नऊ वर्षांत जे शिकून परतले त्यांना त्याचा उपयोग नाही. भाच्याला सांगा, मुदतीचे नियम पुन्हा बदलत आहेत, अर्ज करण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ताजी माहिती बघायची, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जायचं नाही.